कवी कुणाकडे बघायचा

प्रॉम्प्टरबाईंना पाहुण्यांचा मुळातच तिटकारा होता, आणि ही पाहुणी तर दारातच "आजी" म्हणाली.

"आजी कुणाची?" प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या. "मला नातवंडं नाहीत. असती तरी तुझ्याएवढी नसती. बस."

पाहुणी बसली. पाठ अशी ताठ की खुर्चीच्या पाठीला बिचारीला काही कामच उरलं नाही. मुलगी नृत्यं बसवायची, गावात तिचं नाव होऊ लागलं होतं. सूनबाईंनी आतून विचारलं, "चहा टाकू?" त्यावर प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या, "आधी काम काय ते कळू दे." सूनबाईंनी तरी चहा टाकला. त्या घरात सासूचं ऐकायचं नाही आणि उलटही बोलायचं नाही, अशी सूनबाईंनी स्वतःपुरती वाट काढली होती आणि ती बरी चालली होती.

काम असं होतं. तासाभराचा एक नृत्याचा कार्यक्रम होणार होता. विषय, कवी आणि राणीसाहेब यांची मैत्री. कवी म्हणजे प्रॉम्प्टरबाईंचे यजमान, त्यांना जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. राणीसाहेब म्हणजे एकेकाळी अख्ख्या गावाला वेड लावणारी नटी. एका नाटकात तिनं राणीचं काम केलं आणि तेव्हापासून नाटक कंपनीतला रंगारी, शिंपी, मॅनेजर सगळे तिला राणीसाहेबच म्हणू लागले. ती अजून हयात होती. कार्यक्रमाच्या शेवटी ती स्वतः रंगमंचावर येऊन कवीची एक कविता म्हणणार होती.

"मैत्री," प्रॉम्प्टरबाईंनी तो शब्द चिमटीत धरून लांब ठेवावा तसा उच्चारला. "आणि त्यात मी कुठंय?"

मुलीनं या प्रश्नाची तयारी करून ठेवलेली दिसली. चेहरा उजळवून ती म्हणाली, "तुम्ही उजेड आहात."

"काय आहे मी?"

"म्हणजे स्टेजवर एका बाजूला प्रकाशाचा एक चौकोन पडतो. ते कवीचं घर. तो बाहेरून थकून येतो आणि त्या चौकोनात उभा राहतो. माणूस कुणी नाही त्यात. नुसता उजेड."

"म्हणजे मी बल्ब."

आत सूनबाईंना एकदम खोकला आला.

मुलगी घायकुतीला आली. तसं नाही, उलट किती मोठा मान आहे हा, वगैरे समजावू लागली. प्रॉम्प्टरबाईंनी ते सगळं कपाळावर आठी घालून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तालीम कुठं असते तुमची? मी येते बघायला."

मुलगी खूश होऊन गेली. तिला वाटलं, म्हातारी विरघळली. प्रॉम्प्टरबाईंना ओळखणाऱ्या कुणीही तिला सांगितलं असतं, की बाई, तू वाघिणीला जेवायला बोलावलंस.

त्यांचा राग समजायचा तर त्यांचं काम समजायला हवं. तरुणपणी त्या सकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला जायच्या आणि संध्याकाळी नाटक कंपनीत प्रॉम्प्टिंग करायच्या. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच पुढचा शब्द द्यायचा, एवढंच काम. भाऊ कंपनीचे पडदे रंगवायचा, त्याच्या ओळखीनं त्या एक दिवस बदली म्हणून बसल्या आणि मग कुणी त्यांना उठवलंच नाही. डाव्या विंगेत एक बुटकं स्टूल, मांडीवर नाटकाची प्रत, वर कागदाची टोपी घातलेला छोटा दिवा. बोट ओळीखालून सरकत राहायचं. डोळे पानावर, कान रंगमंचावर. नजर वर केली की ओळ हुकली आणि ओळ हुकली की नट मेला. त्यामुळे झालं काय, की ज्या नाटकांचे शेकडो प्रयोग त्यांनी बसून काढले, त्यातलं एकही त्यांनी पाहिलं नाही. राणीसाहेब तिसऱ्या अंकात पायऱ्या उतरताना कशी दिसते यावर लोक चहाच्या टपरीवर हमरीतुमरीवर यायचे. प्रॉम्प्टरबाईंना ती किती पायऱ्या उतरते तेही ठाऊक नव्हतं.

त्यांचा सगळा भरवसा कानावर. विसरलेला नट श्वास अर्धाच घेतो, म्हणायच्या त्या. तो अर्धा श्वास ऐकू आला की शब्द सोडायचा. पण नट नुसताच थांबला असेल तर? त्याच्या थांबण्यात शब्द टाकला तर त्याचा प्रवेश मातीत जातो. आणि राणीसाहेबांना थांबण्याची भारी हौस. कालच्या प्रयोगात जिथं थांबली तिथं आज थांबेल याची खात्री नाही. कधी कधी इतकी थांबायची की प्रॉम्प्टरबाईंचं बोट ओळीखाली खिळून राहायचं.

यजमान शाळेत भूगोल शिकवायचे आणि कविता लिहायचे. लग्न झाल्यावर ते संध्याकाळी बायकोला घरी न्यायला थिएटरात येऊ लागले. आधी फाटकाशी उभे राहायचे, मग पॅसेजमध्ये, मग एक दिवस विंगेत, बायकोच्या स्टुलापासून दोन हातांवर. मॅनेजर कुरकुरला, पण माणूस इतका गरीब स्वभावाचा की त्याला हाकलायचं कसं हे मॅनेजरला सुचलं नाही. राणीसाहेब प्रवेश संपवून डाव्या बाजूला यायची ती यांच्या शेजारी उभी राहायची. कुजबुज सुरू झाली. पुढं नाटक संपल्यावर प्रॉम्प्टरबाई प्रत आवरून, दिवा विझवून, पाणी पिऊन येईपर्यंत दोघं मेकअपरूममध्ये गप्पा मारत बसू लागली. दाराबाहेर यजमानांचं हसू ऐकू यायचं. घरी हा माणूस फारसा हसत नसे. तिथं काय एवढं हसण्यासारखं होतं, हे विचारायचं प्रॉम्प्टरबाईंनी मनात आणलं आणि विचारलं नाही.

मग पुस्तक आलं. 'विंगेतून' हे त्याचं नाव. अर्पण कुणालाच नाही. सगळ्या कविता एका बाईला उद्देशून होत्या आणि त्या बाईच्या तोंडात शब्द होते, चेहऱ्यावर उजेड होता. गावानं दोन अधिक दोन केले. विंगेत उभा राहणारा कवी, समोर उजेडात उभी नटी, झालं की! एक्स्चेंजमधल्या मुली प्रॉम्प्टरबाई आल्या की एकदम कामाला लागायच्या. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "पुरुषाला छंद असावा हो, बाहेर दारू पिण्यापेक्षा बरं." प्रॉम्प्टरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या नाटकाची प्रत मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. यजमान समोर होते.

"अहो, आजपासून तुम्ही थिएटरात यायचं नाही."

"तुला खरंच तसं वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोडा. आलात तर मी स्टुलावरून उठेन आणि परत घरी येणार नाही."

"बरं," ते म्हणाले.

आणि खरंच आले नाहीत. पुढली कैक वर्षं ते संध्याकाळी घरी खिडकीशी बसून असायचे. कविता संपल्या. प्रॉम्प्टरबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. नटी दिसेनाशी झाली, कविता आटल्या, आणखी काय पुरावा हवा? तरी आत कुठंतरी एक वेडी आशा चिवटपणे टिकून होती, की तो माणूस तिथं माझ्यासाठी उभा राहायचा. माझ्याकडे बघायचा. पण बघायचा की नाही हे कळणार कसं? त्या तर पानावरून नजर काढत नव्हत्या.

राणीसाहेबांशी मात्र त्या त्या दिवसापासून नाटकाबाहेरचा एक शब्द बोलल्या नाहीत. शब्द द्यायचं चालूच राहिलं. एकदाही हयगय केली नाही, एकदाही तिला तोंडघशी पाडलं नाही. उलट असं काटेकोर काम केलं की राणीसाहेबांनी दुसरा प्रॉम्प्टर मागितला नाही. दोघी एकमेकींच्या उरावर बसून म्हाताऱ्या झाल्या.

तालमीची जागा एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होती. खालून टायरांचा वास, वर घामाचा. भिंतभर आरसे, त्यामुळे नको असलं तरी आपण आपल्याला दिसायचोच. प्रॉम्प्टरबाईंना स्टूल दिलं तर त्यांनी खुर्ची मागितली. एक सडपातळ पोरगा कडेला उभा राहून समोरच्या मुलीकडे असा टक लावून बघत होता की तिच्यावर त्याचं कर्ज असावं. हा कवी. ती मुलगी हात पसरून गोल फिरत होती. मग जमिनीवर चौकोनी उजेड पडला, पोरगा त्यात गेला आणि कमरेत वाकला.

"याची पाठ दुखते का?" प्रॉम्प्टरबाईंनी खड्या आवाजात विचारलं.

"तो घरी आलाय," नृत्यवाली मुलगी हळू आवाजात म्हणाली.

"घरी आल्यावर आमचा माणूस पाय धुवायचा आणि दूध मागायचा. असा मोडायचा नाही."

"ते आतलं ओझं आहे, आजी."

"कुणाचं? बल्बचं?"

पलीकडून कुणीतरी हसलं. वेताच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून राणीसाहेब बसल्या होत्या. केस काळेभोर रंगवलेले, पण मान लटपटत होती. प्रॉम्प्टरबाई उठून तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पान मांडीवर नसताना त्या तिला समोरून बघत होत्या. दिसायला होती बाई अजून, हे त्यांच्या मनात आलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

"जीभ अजून शाबूत आहे तुझी," राणीसाहेब म्हणाल्या.

"तुमची मान गेलेली दिसते."

"वय झालं. तुझं तर तरुणपणीच झालं होतं."

"मला एक विचारायचंय," प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या. आवाज जरा हलला तो त्यांना आवडला नाही. "ते विंगेत उभे असायचे. तुम्ही समोर होतात, तुम्हाला दिसत होतं. कुणाकडे बघायचे?"

राणीसाहेबांनी वेळ घेतला. थांबण्याची हौस गेली नव्हती.

"सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"का म्हणजे? जन्मभर मी विसरले की तुझ्यापुढे हात पसरला. माझं प्रत्येक वाक्य तुला येत होतं. एवढी एकच गोष्ट अशी आहे जी मला येते आणि तुला येत नाही. ती मी तुला कशाला देऊ?"

प्रॉम्प्टरबाई पाय आपटत जिना उतरल्या. घरी येऊन त्यांनी सूनबाईंवर, मुलावर, नळाच्या गळक्या तोटीवर आणि कवितेवर एकामागून एक तोंडसुख घेतलं. "त्या कार्यक्रमाला मी मेले तरी जाणार नाही," असं तीनदा सांगितलं. सूनबाईंनी त्यांचे कपडे इस्त्रीला टाकले.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग. पहिल्या रांगेत मुलगा आणि सूनबाई यांच्या मधे त्यांना बसवलं होतं. पळून जायला वाव नको म्हणून असेल.

नृत्य सुरू झालं आणि प्रॉम्प्टरबाईंनी मनातल्या मनात खडे वेचायला सुरुवात केली. पोराचे पाय फार वाजतात. मुलगी उगाच मान वेळावते. चौकोनी उजेड वाकडा पडलाय. पण मधे एक तुकडा असा आला की कवी आणि नटी समोरासमोर बसून नुसत्या हातांनी गप्पा मारतात आणि हसतात, आवाज न करता, खांदे हलवून. पोरगा हसताना मागे झुकला. अगदी तसंच. दाराबाहेरून त्यांनी नुसता आवाज ऐकला होता, पण तो माणूस हसताना असाच झुकला असणार हे त्यांना आतड्यातून पटलं. त्यांचे डोळे भरून आले. आणि ज्या पोरीनं हे बसवलं तिला दोन ठेवून द्याव्यात असं त्यांना वाटलं.

शेवटी दिवे मंद झाले. राणीसाहेब काठी टेकत मधोमध आल्या. काठी बाजूला धरून त्यांनी मान वर केली आणि, काय सांगावं, मान लटपटायची थांबली. त्या कविता म्हणू लागल्या. आवाज फाटका झाला होता तरी मागच्या रांगेपर्यंत जात होता. प्रॉम्प्टरबाईंचं बोट त्यांच्या नकळत मांडीवर सरकू लागलं. कविता त्यांना पाठ होती. द्वेषानं वाचलेलं विसरत नाही माणूस. शेवटचं कडवं आलं.

"सगळे शब्द तुझ्याकडे आहेत," राणीसाहेब म्हणाल्या, "माझ्याकडे फक्त..."

आणि थांबल्या.

सभागृह शांत. प्रॉम्प्टरबाईंनी कान टवकारले. श्वास अर्धा होता का? अर्धाच वाटला. विसरली! त्यांच्या छातीत आनंदाचं असं काही भरून आलं की त्यांचीच त्यांना लाज वाटावी, पण ती वाटली नाही. बुडू दे, त्यांना वाटलं. एवढ्या लोकांसमोर तोंड उघडं ठेवून उभी राहू दे. राणीसाहेब उभ्याच होत्या. मागं कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. मग प्रॉम्प्टरबाईंना त्याहून गोड काही सुचलं. जन्मभर त्यांनी हळूच शब्द दिला, कुणाला कळू न देता. आज कळू देत सगळ्यांना, की हिला येत नाही, मला येतं. एक्स्चेंजमध्ये कमावलेल्या आवाजात, पहिल्या रांगेतून, भर सभागृहात त्या ओरडल्या,

"उभं राहणं!"

सगळ्या माना वळल्या. मुलानं कपाळाला हात लावला. राणीसाहेबांनी खाली पाहिलं, अगदी त्यांच्याकडेच, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "उभं राहणं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय, कवीच्या बायकोच्या तोंडी शेवटचा शब्द ठेवलाय, काय कल्पना आहे! नृत्यवाली मुलगी विंगेत रडत होती. शेजारचे गृहस्थ वाकून प्रॉम्प्टरबाईंना म्हणाले, "वा, काय टायमिंग!" प्रॉम्प्टरबाईंना त्यांच्या डोक्यात पर्स घालावीशी वाटली. ज्याला पाडायला दगड मारावा त्याच्याच गळ्यात तो फुलांसारखा पडावा, तसं झालं होतं.

निदान तिला तरी कळलंय की ती विसरली होती, एवढं सुख पदरात पाडून घ्यायला त्या मेकअपरूमकडे निघाल्या. सूनबाई मागोमाग आली तर तिला दाराबाहेरच थांबायला सांगितलं. राणीसाहेब आरशासमोर बसून कापसानं तोंड पुसत होत्या.

"विसरलीस ना?" प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या. उभ्या जन्मात त्या तिच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या.

"विसरले नव्हते." राणीसाहेबांनी कापूस फेकला. "थांबले होते मी. शेवटचं थांबणं होतं ते माझं. यापुढं कुणी मला स्टेजवर उभी करणार नाही. आणि तू त्यात बोळा कोंबलास!"

"श्वास अर्धा होता."

"छातीत कफ आहे माझ्या! तुझे कान गेलेत, बाई. कान गेले आणि तुला कळलंसुद्धा नाही."

प्रॉम्प्टरबाईंनी थांबण्यात शब्द टाकला होता. नवशिक्या पोरीनंही करू नये ती चूक, तीही सगळ्या गावासमोर. पण राणीसाहेबांचं भागलं नव्हतं. त्यांनी काठी टेकून खुर्ची वळवली.

"तुला ऐकायचं होतं ना? ऐक. नाटकातही मी थांबले की तुझं तोंड उघडायचं. द्यावा की देऊ नये, अशी जिभेवर शब्द घेऊन बसायचीस, डोळे पानात खुपसून. मासळीसारखं तोंड उघडायचीस, मिटायचीस. मला समोरून दिसायचं. सबंध थिएटर तेव्हा श्वास रोखून माझ्याकडे बघत असायचं. एक तो सोडून. तो तुझ्याकडे बघायचा. तोंडावर हात ठेवून हसायचा, जीव ओवाळून टाकल्यासारखा. मी थांबणं लांबवायचे, आणखी लांबवायचे. म्हटलं, एकदा तरी हा माणूस मान वळवेल. नाही वळवली. एकदाही नाही."

"आणि या खोलीत? इथं काय बोलत बसायचात?"

"तुझ्याबद्दल. 'आज तिनं तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं.' मला सांगायचा आणि हसायचा. मी ऐकून घ्यायचे. एवढं तरी मिळतंय म्हणून ऐकायचे. मैत्री मैत्री म्हणतात ती ही. आता नाच करा तिच्यावर." राणीसाहेबांनी खुर्ची परत आरशाकडे फिरवली. "मी हे मरेपर्यंत सांगणार नव्हते. तू माझं थांबणं घेतलंस, म्हणून सांगितलं. आता जन्मभर ते पुरवून खा. आणि दार लावून जा."

प्रॉम्प्टरबाईंनी दार लावलं.

पॅसेजमध्ये सूनबाई पर्स घेऊन उभी होती. मुलगा गाडी आणायला गेला होता. प्रॉम्प्टरबाई चार पावलं चालल्या आणि भिंतीला हात लावून थांबल्या. हवं ते मिळालं होतं. अख्ख्या आयुष्यात दुसरं काही हवं नव्हतं, आणि तेच मिळालं होतं. त्यांना इतकं वाईट यापूर्वी कधीच वाटलं नव्हतं, ते गेले तेव्हासुद्धा नाही.

"आई, भांडलात का पुन्हा?" सूनबाईंनी विचारलं. "काय म्हणाल्या त्या?"

"ते माझ्याकडे बघायचे."

"मग? चांगलंच आहे की."

"अगं, बघायचे ते माझ्याकडे," प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुनेचा दंड इतक्या जोरात धरला की तिला कळ आली. "आणि मी त्यांना येऊ नका म्हणाले."